डेली वापरू की सोडून देऊ? आणि ‘रावेर’ फुटतंय ते कुणामुळे?

केळीबाग (रावेर तालुका):

रामराम मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं की तुम्ही उलटे दहा प्रश्न विचारता, म्हणून सगळंच लिहितो.

मी केळी लावतो. घरची बाग आहेच, शिवाय आमच्या गटाचं कागदाचं काम माझ्या गळ्यात आहे, कारण टायपिंगची परीक्षा दिलेला गटात मी एकटा. गाडी भरली की ट्रान्सपोर्टची पावती मेलवर, दिल्लीच्या व्यापाऱ्याचा हिशेब मेलवर, विम्याचं पत्र मेलवर. २०११ पासून थंडरबर्ड हा मेलचा मोफत प्रोग्राम वापरतोय. कारण एकच, लाईट गेली, नेट गेलं तरी मेल लॅपटॉपात उतरलेली असते. मे महिन्यात इथं दुपारी पंखासुद्धा झळा फेकतो. गाडी दारात उभी, हमाल बसलेले, अशा वेळी ‘नेट नाही’ म्हणून चालत नाही.

दिवाळीत पुतण्या आला. जळगावला इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, काका, तुम्ही वर्षातून एकदा बदलणारी आवृत्ती वापरता. डेली, म्हणजे थंडरबर्डचीच चाचणीची आवृत्ती टाका, ती रोज नवी बनते. बिघाड दिसला तर कळवता येतो, म्हणजे तुमचाही हातभार लागतो. हे शेवटचं मला पटलं. चौदा वर्षं फुकट वापरलं, एक रुपया दिला नाही की कुणाला ‘बरं आहे’ म्हणून कळवलं नाही. म्हटलं चला.

डेली टाकली. तिनं स्वतःचं कोरं प्रोफाइल उघडलं. खाती नाहीत, मेल नाहीत. इथं मी शहाणपणा केला. यादीत जाऊन माझं रोजच्या कामाचं जुनं प्रोफाइल तिला जोडून दिलं. पुतण्याला विचारलंसुद्धा नाही. दीड-दोन महिने मजेत गेले.

मग एक दिवस धाकट्या भावानं मोबाइल पुढं केला. गटाचं खातं त्याच्याही मोबाइलवर आहे, तो दुसरं कुठलं तरी ॲप वापरतो. ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या विषयात ‘रावेर’ असं दिसायच्या जागी र, मग दोन काळे चौकोन, मग ‘वेर’. म्हणाला, दादा, तू ते नवीन काय टाकलंस तेव्हापासून हे व्हायला लागलंय. माझ्या डेलीत बघितलं तर तीच मेल, तोच विषय, ‘रावेर’ एकदम नीट. आणि सगळ्या पावत्या फुटतात असंही नाही. काही नीट, काही फुटलेल्या. दोन दिवस यादी करून बघितली. ज्या विषयात ‘केळी’ शब्द आहे त्या सगळ्या नीट. ज्यात ‘केळी’ नाही त्यात रावेर फुटलेलं. हसू नका, खरंच सांगतोय. नमुना देतो:

‘केळी गाडी भाडे पावती रावेर ते दिल्ली’ ही नीट दिसते.
‘गाडीभाडे पावती रावेर ते दिल्ली’ यात फुटतं.

घाबरून मी डेली बंद केली आणि जुनी स्थिर आवृत्ती उघडली. तर तिनं संदेश दिला की हे प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलेलं आहे, एकतर नवीन प्रोफाइल करा नाहीतर बाहेर पडा. मी नवीन प्रोफाइलवर बोट ठेवलं. समोर कोरी पाटी. २०११ पासूनच्या मेल, पत्ते, फिल्टर, काही नाही. हातापायातलं बळच गेलं. बायको म्हणाली, घड उतरवताना खांद्यावरून पडला तरी तुमचं तोंड असं होत नाही.

तर माझे प्रश्न. मेल गेल्या का? ‘रावेर’ मी फोडलं का? आणि एवढं सगळं झाल्यावर माझ्यासारख्यानं, ज्याला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, या डेलीच्या नादाला लागावं का? हातभार लावायची हौस अजून गेलेली नाही, फक्त जरा शरमलीय.

—

तापीकाठ (भुसावळ):

भाऊ, मेल कुठंही गेलेल्या नाहीत. आधी एक करा, आता उघडलेल्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये काहीही हलवाहलवी करू नका आणि काहीही डिलीट करू नका.

झालं काय ते सांगतो. थंडरबर्ड म्हणजे एक प्रोग्राम आणि प्रोफाइल म्हणजे तुमचं कपाट. प्रोग्राम बदलला तरी कपाट तेच राहतं. पण नवी आवृत्ती कपाटात काही कप्पे आपल्या पद्धतीनं पाडून घेते. पत्त्यांचा साठा, शोधाची सूची, सेटिंग्ज, हे सगळं पुढच्या रूपात बदलतं, आणि ते परत मागं बदलायची सोय नसते. उदाहरण द्यायचं तर २०२० मध्ये ७८ क्रमांकाच्या आवृत्तीत पत्त्यांची वही पूर्ण वेगळ्या साच्यात गेली. जुन्या आवृत्तीनं नव्या साच्यात हात घातला तर विचका होईल, म्हणून ती आत शिरतच नाही. तुम्हाला आलेला संदेश म्हणजे त्या कपाटाचा पहारेकरी. तुम्ही त्याला शिव्या दिल्या असतील, पण त्यानं तुमचं वाचवलंय.

तुम्ही नवीन प्रोफाइल केलंत म्हणजे शेजारी दुसरं रिकामं कपाट आलं. जुनं तिथंच आहे. हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, त्यात प्रोफाइल फोल्डरपुढचं बटण दाबा, मग एक पायरी वर या. प्रोफाइल्स नावाच्या फोल्डरात दोन-तीन विचित्र नावांचे फोल्डर दिसतील. ज्याचा आकार मोठा, ते तुमचं.

त्यात मेल नावाच्या फोल्डरात इनबॉक्स नावाची फाइल असेल, पुढं टिंब-बिंब काही नसलेली. तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी एमएसएफ असलेली छोटी फाइल. मोठी फाइल म्हणजे तुमच्या मेल, छोटी म्हणजे नुसती अनुक्रमणिका. मोठीची एक प्रत काढा आणि ती प्रत साध्या टेक्स्ट एडिटरात उघडून बघा. सगळ्या मेल एकाखाली एक लिहिलेल्या दिसतील, प्रत्येकीची सुरुवात ‘फ्रॉम’ या शब्दानं. डोळ्यानं बघितलं की जीव शांत होतो, म्हणून सांगतोय.

आता वाट. डेली परत उघडा, ती जुन्या प्रोफाइलवर चालेलच. तिच्यातून पत्त्यांची वही बाहेर काढून ठेवा. मग दोन्ही थंडरबर्ड बंद. स्थिर आवृत्तीच्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये गटाचं खातं नव्यानं टाका. ते आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच राहते ती पद्धत) असेल तर मेल सर्व्हरवरून पुन्हा उतरतील. जुन्या पॉप (मेल लॅपटॉपात ओढून घेणारी पद्धत) खात्याच्या मेल मात्र फक्त तुमच्या लॅपटॉपातच असणार, त्या मोठ्या फाइली नव्या प्रोफाइलच्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करायच्या, एमएसएफवाल्या न घेता. त्या थंडरबर्ड स्वतः बनवतं. हे सगळं थंडरबर्ड बंद असताना. आणि त्याआधी, भाऊ, अख्खा प्रोफाइल फोल्डर पेन ड्राइव्हवर. हे मी शेवटी लिहिलं पण करायचं सगळ्यात आधी.

—

बिनकामाचा:

एवढी उठाठेव कशाला भो? ब्राउझरमध्ये मेल उघडायची, वाचायची, बंद करायची. शेतकऱ्यानं शेती करावी.

—

केळीबाग:

@बिनकामाचा, तुमच्या गावात लाईट जात नसेल.

@तापीकाठ, भाऊ, तुमचे पाय कुठं आहेत? फाइल उघडली. नोटपॅडला वेळ लागला, पण उघडली. पहिलीच मेल ११ सालातली, ठिबकच्या नळ्यांचं कोटेशन. तो दुकानदार आता या जगात नाही. त्याच्या मेलखाली ‘आपला नम्र’ लिहिलेलं बघून दोन मिनिटं बसून राहिलो. बायकोला सांगितलं, आहे सगळं. ती म्हणाली, मग जेवा आता.

एक गंमत दिसली. मी कितीतरी वर्षांपूर्वी डिलीट केलेल्या मेलही त्या फाइलीत आहेत. हे कसं?

—

तापीकाठ:

डिलीट म्हणजे त्या मेलवर फक्त खूण पडते. खरी छाटणी कॉम्पॅक्ट केल्यावर होते. केळीचं कसं, घड कापला तरी खोड उभंच असतं ना, तसं. कॉम्पॅक्ट करा, पण पेन ड्राइव्हवरची प्रत झाल्यावर.

—

धुळेकर (सध्या पुणे):

तुमचं ते ‘केळी असेल तर नीट, नसेल तर फुटतं’ वाचून मी ऑफिसातच मोठ्यानं हसलो, शेजारचा बघायला लागला. पण तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, आणि कारण डेली नाही. डेली इथं उलट तुम्हाला सांभाळून घेतेय.

फुटलेली एक मेल डेलीत उघडा आणि कंट्रोल यू दाबा. मेलचा कच्चा मजकूर दिसेल. त्यात सब्जेक्टच्या ओळीत तुम्हाला मराठी दिसणारच नाही. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह आणि मग इंग्रजी अक्षरं-आकड्यांची खिचडी. मेलचा मथळा मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होता, त्यामुळं देवनागरी त्यात अशी गुंडाळून पाठवावी लागते. १९९६ चा नियम आहे, आरएफसी २०४७. तो म्हणतो, एक गुंडाळी जास्तीत जास्त ७५ खुणांची. लांब विषय असेल तर दोन-तीन गुंडाळ्या करा. आणि पुढं बजावतो की एक अक्षर दोन गुंडाळ्यांत तोडू नका.

आता हिशेब. सुरुवातीच्या खुणा १०, शेवटच्या २, उरल्या ६३. ही गुंडाळी चार-चारच्या गटात चालते, म्हणून ६०. चार खुणांत ३ बाइट (बाइट म्हणजे संगणकाचं अक्षर साठवायचं माप), म्हणून साठ खुणांत ४५ बाइट मावतात. देवनागरीत प्रत्येक खूण ३ बाइटची, क वेगळा, त्याची मात्रा वेगळी. म्हणजे ‘केळी’चे १२ बाइट. आणि मधली मोकळी जागा फक्त १ बाइट. सगळी भानगड या एका बाइटची आहे.

तुमचा दुसरा विषय घ्या. ‘गाडीभाडे’ २४, जागा २५, ‘पावती’चे १५ मिळून ४०, जागा ४१, ‘र’ ४४. आता काना आला, त्याला ३ पाहिजेत आणि उरलाय १. ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर डोळे मिटून ४५ वर कोयता मारतं. कान्याचा एक तुकडा पहिल्या गुंडाळीत, दोन तुकडे दुसरीत. तुमच्या भावाचं ॲप प्रत्येक गुंडाळी वेगवेगळी सोडतं, म्हणून त्याला अर्धवट तुकड्यांचे चौकोन दिसतात. थंडरबर्ड एकाच जातीच्या लागोपाठच्या गुंडाळ्या सलग धरून सोडतं, त्यामुळं तुकडे जुळतात. अशा चुकीच्या मेल जगभरातून येतात हे आधीच कुणाच्या तरी लक्षात आलेलं होतं आणि त्यानं त्याची तजवीज करून ठेवलेली होती. तो माणूस तुमच्या रावेरला कधी आलेला नसणार.

पहिला विषय तुम्हीच मोजा. मी उत्तर देत नाही. कागद-पेन्सिल घ्या.

आणि तुमचा तिसरा प्रश्न. प्रोग्रामिंग येत नाही म्हणून अडत नाही. मी सुरुवात केली तेव्हा मलाही यांचा कोड कळत नव्हता. मी बगझिलावर, म्हणजे जिथं बिघाड नोंदवतात तिथं, कुणाच्या तरी नोंदीखाली ‘मलाही येतंय’ असं लिहून आलो. फार अभिमान वाटला. मग कळलं की नुसतं ‘मलाही’ लिहिलं की त्या नोंदीशी जोडलेल्या सगळ्यांना मेल जाते आणि हाती काही लागत नाही. नव्या माणसाची नोंद तिथं ‘अनकन्फर्म्ड’, म्हणजे खात्री न झालेली, म्हणून पडते. कुणीतरी तीच कृती आपल्या मशीनवर करून, आजच्या डेलीत होतं की नाही, ट्रबलशूट मोडमध्ये ॲड-ऑन बंद केल्यावरही होतं का, हे लिहिलं की ती पुढं सरकते. हे काम करायला माणसं कायम कमी. तुम्ही दोन दिवस बसून फुटलेल्या आणि न फुटलेल्या पावत्यांची यादी केलीत ना? अर्ध्या नोंदणाऱ्यांना तेवढंही सुचत नाही. ते लिहितात, ‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा’.

कधी एखादी गोष्ट कालपर्यंत चालायची आणि आज बिघडली असं झालं तर मोझरिग्रेशन नावाचं एक हत्यार आहे. ते जुन्या डेली काढून देतं. मधली उघडायची, चांगली की वाईट सांगायचं, मग उरलेल्यातली मधली. ६४ दिवसांच्या डेलीतून बिघाड नेमका कुठल्या दिवशी शिरला ते ६ वेळा उघडून सापडतं. ते स्वतःचं तात्पुरतं प्रोफाइल वापरतं, तुमच्या कपाटाला हात लावत नाही. एवढं शोधून दिलंत की डेव्हलपर तुमचं नाव लक्षात ठेवतात.

एक सक्त सूचना. बगझिला सगळ्या जगाला दिसतं. फोटो टाकताना व्यापाऱ्याचा खाते क्रमांक, गटातल्या लोकांचे मोबाइल नंबर, काही दिसता कामा नये. नमुना मेल द्यायची तर स्वतःलाच एक खोटी पाठवा आणि ती द्या.

—

केळीबाग:

मोजलं. वहीच्या मागच्या पानावर, रात्री साडेदहाला, मोटारीची पाळी होती म्हणून जागाच होतो.

केळी १२. जागा १३. गाडी २५. जागा २६. भाडे ३८. जागा ३९. प ४२. काना ४५. बास! ‘पा’ पूर्ण झाला आणि कोयता पडला. तीन जागा आल्या, तीन बाइट झाले, हिशेब परत जुळला. पुढचा तुकडाही बघितला. वती ९, जागा १०, रावेर २५, जागा २६, ते ३२, जागा ३३, आणि मग ‘दिल्ली’तलं द, वेलांटी, ल आणि पाय मोडलेली खूण मिळून ४५. तिथंही साफ कापलं. म्हणजे ‘केळी’त काही जादू नाही, तीन मोकळ्या जागांत आहे. मी बायकोला उठवून सांगितलं. तिचं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

कंट्रोल यू पण दाबून बघितलं. ती खिचडी बघता बघता एक दिसलं, सारखं ४केएस, ४केडब्ल्यू, ४केएस असं येतं. मग मधेच आयओसीके असं काहीतरी येतं आणि पुढची चाल बदलते.

—

धुळेकर:

ते ४केएस म्हणजे देवनागरी. आपल्या अक्षरांचे पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच, म्हणून गुंडाळल्यावर तोंडवळा सारखा दिसतो. आयओसीके म्हणजे तुमची मोकळी जागा आणि तिला चिकटून आलेलं पुढचं अक्षर. तिथून एक बाइट सरकतो, म्हणून चाल बदलते. तुम्ही हे कुणी न सांगता ओळखलंत. मला नोकरीत तीन वर्षं झाल्यावर ओळखता आलं होतं. यापुढं ‘ओ की ठो कळत नाही’ म्हणू नका.

—

तापीकाठ:

डेलीबद्दल माझं मत वेगळं आहे, म्हणून परत लिहितो. धुळेकर पुण्यात बसलेत, त्यांच्याकडं दोन लॅपटॉप असतील. भाऊंकडं एक आहे आणि त्यावर गटाच्या पैशांचा हिशेब चालतो. डेली म्हणजे काल रात्री कुणी काय लिहिलं ते आज सकाळी तुमच्या हातात. ती मोडली तर ‘मोडायचीच असते’ हे उत्तर मिळतं आणि ते बरोबरही आहे. हातभारच लावायचा तर बीटा घ्या. डेलीत तावून सुलाखून निघालेलं बीटात येतं, बीटातलं पुढं स्थिर आवृत्तीत, साधारण एकेका महिन्याच्या टप्प्यानं. मार्च २०२५ मध्ये १३६ क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हापासून दर महिन्याची स्थिर आवृत्तीही मिळते, वर्षातून एकदा बदलणारी ईएसआर वेगळी. भाऊंची अडचण वाढली ती यामुळंच. थेट डेलीवरून ईएसआरवर उडी मारायला गेले. महिन्याच्या आवृत्तीवर असते तर एक-दोन महिने डेली अपडेट न करता तशीच वापरून थांबले असते आणि स्थिर आवृत्तीनं क्रमांक गाठल्यावर तेच प्रोफाइल उघडलं असतं.

बीटा असली तरी प्रोफाइल वेगळं. खातं तेच टाका हवं तर, आयमॅपचंच. पॉपचं मुळीच नाही, नाहीतर सर्व्हरवरच्या मेल बीटा ओढून घेऊ शकेल आणि स्थिर आवृत्ती वाट बघत बसेल.

—

केळीबाग:

हे मला आमच्या भाषेत कळलं. ग्रँड नैन ही केळीची नवी जात पहिल्यांदा आली तेव्हा आबांनी आख्खी बाग नाही बदलली. बांधाकडच्या दोन ओळी लावल्या, बाकी जुनी श्रीमंती जातच ठेवली. शेजारच्यानं सगळं एकदम लावलं. (पुढं दोघांनीही ग्रँड नैनच लावली, हा भाग वेगळा. पण त्या वर्षी आबांना झोप लागायची.) बीटा टाकतो, वेगळं प्रोफाइल, गटाच्या नावानं नवं एक रिकामं खातं काढतो आणि पावत्यांची एक प्रत तिकडं येईल असा फिल्टर लावतो.

भावाच्या मोबाइलचं काय करू?

—

शहाद्याची_बाई:

मी शाळेत शिकवते, संगणकातली नाही. भाऊंच्या मोबाइलपुरतं सांगते. थंडरबर्डचं अँड्रॉइडवरचं ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. ते मुळात के-नाइन मेल, २००८ पासूनचं, २०२२ मध्ये ते थंडरबर्डच्या घरात आलं. लॅपटॉपवरची खाती क्यूआर कोड दाखवून मोबाइलमध्ये उतरवता येतात, पासवर्ड टाइप करत बसायला नको. आणि त्याचं बीटा हे वेगळंच ॲप आहे, त्यामुळं साधं आणि बीटा दोन्ही एकाच मोबाइलवर शेजारी शेजारी राहतात. धाकट्या भाऊंना साधं द्या, तुम्ही बीटा ठेवा.

माझा हातभार भाषांतराचा आहे. या अँड्रॉइड ॲपचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर चालतं. खातं काढायचं, एक ओळ इंग्रजी, खाली रिकामी चौकट. मी मोकळ्या तासाला वेगवेगळ्या मोफत ॲपच्या अशा ओळी करत असते. कोड लागत नाही, पण भांडायची तयारी लागते. ‘अटॅचमेंट’ला कुणीतरी ‘संलग्नक’ लिहून ठेवलेलं असतं. माझ्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणीही ‘संलग्नक पाठवा’ म्हणत नाही, ‘फाइल जोडा’ म्हणतात. ‘ड्राफ्ट’ला मसुदा ठीक आहे, पत्राचा मसुदा सगळ्यांना कळतो. ‘आर्काइव्ह’वर मी अडले. संग्रह म्हणावं तर पोस्टाच्या तिकिटांचा वाटतो. माझ्या आईला विचारलं, वाचून झालेली पण टाकायची नसलेली कागदं कुठं ठेवतेस? म्हणाली, ‘बासनात’. शब्द सुंदर, पण बटणावर ‘बासनात ठेवा’ लिहिलं तर नव्या पोरांना कळायचं नाही. तो अजून अडलेलाच आहे.

केळीबाग भाऊ, ‘कॉम्पॅक्ट’ला तुम्ही काय म्हणाल?

—

केळीबाग:

ताई, तापीकाठभाऊंनी वर लिहिलंच आहे की, छाटणी. पण मेल छाटली म्हटलं की लोक घाबरतील, कामाची पण जाईल म्हणून. आमच्याकडं बागेतली वाळलेली पानं काढतात ना, तेव्हा झाडाला धक्का नसतो. ‘वाळलेलं काढा’. बटणात मावेल का ते तुम्ही बघा.

आणि ‘बासनात’ मला कळलं. माझ्या आईच्या बासनात अजून सातबाऱ्याच्या जुन्या नकला आहेत, लाल फडक्यात.

—

शहाद्याची_बाई:

‘वाळलेलं काढा’ मी वहीत लिहून घेतलंय. माझी आई अहिराणीत म्हणाली, ‘बठ्ठं कामनं शे’, म्हणजे सगळंच कामाचं आहे, काहीच टाकायचं नाही. तिच्या मोबाइलची जागा याच कारणानं भरते.

—

केळीबाग:

पंधरा दिवसांनी लिहितोय, मधे केळीच्या कांदेबागेची खतं होती.

मेल सगळ्या परत जागेवर आल्या. पत्ते आले. फिल्टर राहिले होते, तेही जुन्या फोल्डरातल्या नियमांच्या फाइलीतून आणले. डेली काढली नाही, पण तिला तिचं कोरं प्रोफाइल परत दिलं आणि हात जोडले. रोजचं काम स्थिर आवृत्तीवर, बीटा शेजारी. बगझिलावर खातं काढलं. ‘रावेर’ची नोंद केली नाही, कारण चूक त्यांची नाहीच. दुसऱ्या कुणाची तरी शोधाबद्दलची एक अनकन्फर्म्ड नोंद होती, ती बीटावर करून बघितली, माझ्याकडं काही बिघडलं नाही. तसं लिहिलं, विंडोज कोणतं, आवृत्ती कोणती, काय काय दाबलं. इंग्रजी पुतण्याकडून तपासून घेतलं. त्यानं तीन चुका काढल्या, त्यातल्या दोन चुका नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी एकानं ‘धन्यवाद’ म्हणून लिहिलं आणि ट्रबलशूट मोडमध्येही बघाल का विचारलं. बघितलं.

मग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. तिथला ऑपरेटर चांगला पोरगा आहे. त्याला वहीचं मागचं पान दाखवलं, सगळं मोजून समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं. म्हणाला, काका, सॉफ्टवेअरवाल्याला सांगून सहा महिने लागतील, पण माझ्याकडं दोन साचे आहेत. एक केळीचा, एक बाकीच्या मालाचा. बाकीच्याचा फुटतो ना? मग आजपासून सगळ्या पावत्या केळीच्या साच्यातून काढतो.

काल माझ्या चुलतभावाची मक्याची गाडी गेली. विषयात ‘केळी गाडी भाडे पावती रावेर ते दिल्ली’. धाकट्याच्या मोबाइलवर सुद्धा अगदी नीट दिसलं. व्यापाऱ्याचा फोन आला, आम्ही तर मका मागितला होता.

घरी येऊन मोजलं. ‘मका गाडी भाडे पावती’ लिहिलं असतं तरी जागा तीनच होतात, ४५ ला साफ कापलं जातं. तसं त्या पोराला मेलनं कळवलंय. अजून उत्तर नाही.